सांपडलेली चित्रफीत आणि झपाटलेलें घर



भुताच्या गोष्टी सांगण्यास नभोवाणीसारखें दुसरें साधन नाहीं, हें मी आरंभींच कबूल करतों. दिसत कांहीं नाहीं, ऐकूं मात्र येतें; आणि अंधाऱ्या माजघरांतून ऐकूं आलेला आवाज डोळ्यांनीं पाहिलेल्या आकृतीपेक्षां नेहमींच अधिक घाबरवितो. परंतु आज मी भुताची गोष्ट सांगण्यासाठीं आलेलों नाहीं. भुताच्या गोष्टी सांगण्याची एक विशिष्ट तऱ्हा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चित्रपटांत रूढ झाली आहे. तिचा थोडा इतिहास आपणांपुढें मांडावा, आणि त्या इतिहासांत आपल्या मराठी मुलखाचा धागा कोठें गुंतला आहे तें दाखवावें, एवढाच आजचा उद्देश.

हा विषय सुचण्यास कारण झाला माझा भाचा. नांदेड जिल्ह्यांत हिमायतनगर म्हणून तालुक्याचें गांव आहे. मुदखेडाहून आदिलाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तें लागतें. हें नांव निजामी अमलांतलें. गांवाचें जुनें नांव वाढोणा, आणि जुन्या माणसांच्या तोंडीं तें अजूनहि आहे. भाचा तेथें असतो. गेल्या पावसाळ्यानंतर मी त्याच्याकडे गेलों असतां त्यानें मला मोबाइलवर दोन मिनिटांची एक चित्रफीत दाखविली. चार पोरें रात्रीं जवळपासच्या एका पडक्या गढींत शिरलीं आहेत; हातांतला प्रकाश भिंतीवरून नाचतो आहे; धापा ऐकूं येतात; आणि मग आंतल्या काळोखांतून एका बाईचा घोगरा आवाज येतो. पुढें नुसती पळापळ, जमीन, आकाश, कोणाची तरी चप्पल, आणि शेवट. त्या चौघांपैकीं एक तो स्वतःच होता. "मामा, हें खरें आहे बरें का," असें तो म्हणाला. खरें म्हणजे काय, असें मीं विचारलें. त्याचें उत्तर असें, कीं हातांत धरून काढलेलें आहे, कोणी सोंग घेतलेलें नाहीं, आणि चित्र हालतें आहे, म्हणून खरें.

ह्या उत्तरांत एका संपूर्ण चित्रपट-प्रकाराचें मर्म आलें आहे. कांहीं माणसें एखाद्या ओसाड जागीं जातात. बरोबर कॅमेरा नेतात. परत येत नाहींत. कॅमेरा मात्र पुढें कोणास तरी सांपडतो, आणि त्यांत जें टिपलें गेलें तेंच आम्ही तुम्हांस जसेंच्या तसें दाखवीत आहों, असा चित्रपटकर्त्याचा बहाणा असतो. इंग्रजींत ह्या प्रकारास फाउंड फुटेज म्हणतात. आपण त्यास सांपडलेल्या चित्रफितीचा चित्रपट म्हणूं.

बहाणा हा शब्द मी निंदेनें वापरीत नाहीं. ग्रंथकारांनीं तो कितीतरी आधीं केलेला आहे. ब्रॅम स्टोकर ह्यांची ड्रॅक्युला ही कादंबरी १८९७ सालची. ती सबंध रोजनिशा, पत्रें, वर्तमानपत्रांतील कात्रणें आणि फोनोग्राफवर बोलून ठेवलेलीं टिपणें ह्यांची बनलेली आहे. फोनोग्राफ हें तेव्हांचें अगदीं नवलाचें यंत्र. भूत जितकें जुनें तितकें त्याला पकडणारें यंत्र नवें असावें लागतें, ही युक्ति स्टोकरला साधली होती, आणि पुढच्या सव्वाशें वर्षांत ती कोणी बदललेली नाहीं.

कॅमेऱ्याची गोष्ट मात्र फोनोग्राफहून न्यारी. कागदावर लिहिलेलें खोटें असूं शकतें हें सर्वांस ठाऊक असतें. कांचेवर उमटलेलें खोटें असेल हें मनास पटत नाहीं. अमेरिकेंत विल्यम मम्लर नांवाच्या छायाचित्रकारानें १८६० नंतरच्या दशकांत गिऱ्हाइकाच्या पाठीमागें त्याच्या मृत आप्ताची धूसर आकृति उमटवून देण्याचा धंदा चालविला. १८६९ सालीं न्यूयॉर्क येथें त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, आणि गुन्हा शाबीत न झाल्यामुळें तो सुटला. त्या देशांत यादवी युद्ध नुकतेंच होऊन गेलें होतें, आणि ज्यांचा मुलगा परतला नाहीं अशीं घरें थोडीं नव्हतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या गिऱ्हाइकांस हंसण्याचा धीर होत नाहीं. आपल्याकडे ह्याच्या उलट प्रकार. दादासाहेब फाळके बडोद्यास छायाचित्रें काढण्याचा धंदा करूं लागले तेव्हां कॅमेरा माणसाच्या अंगांतील शक्ति शोषून घेतो व त्यानें मरण ओढवतें, अशी वदंता पसरली आणि धंदा बसला. म्हणजे तिकडे कॅमेरा हा भुताचा साक्षीदार, आणि इकडे कॅमेरा हेंच भूत! त्याच फाळक्यांनीं १९१३ सालीं राजा हरिश्चंद्र काढला, आणि मग लोकांनीं कॅमेऱ्यावर असा विश्वास टाकला कीं पडद्यावरच्या देवांस हात जोडले.

नभोवाणीचाहि ह्या इतिहासांत वांटा आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं ऑर्सन वेल्स ह्यांनीं एच. जी. वेल्स ह्यांची मंगळावरील प्राण्यांच्या स्वारीची कादंबरी अमेरिकन नभोवाणीवरून सादर केली, ती चालू कार्यक्रम मध्येंच तोडून दिलेल्या बातम्यांच्या रूपानें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं देशभर घबराट उडाल्याचें छापलें. आजचे अभ्यासक म्हणतात, कीं ती घबराट वर्तमानपत्रांनींच पुष्कळ फुगविली होती, कारण नभोवाणीची चढाओढ त्यांस जाचूं लागली होती. हा अभिप्राय ह्या ध्वनिक्षेपकापुढें वाचून दाखवितांना मला थोडें समाधान वाटतें. पुढें ३१ ऑक्टोबर १९९२ रोजीं बीबीसीनें दूरचित्रवाणीवर 'घोस्टवॉच' नांवाचा कार्यक्रम दाखविला. लंडनच्या उपनगरांतील एका साध्या घरांत भुताटकी आहे, आणि आम्ही तेथून थेट दाखवीत आहों, असा त्याचा आविर्भाव. वस्तुतः सर्व कांहीं आधींच चित्रित झालेलें होतें. मायकेल पार्किन्सन ह्यांच्यासारखा नित्याच्या ओळखीचा निवेदक समोर बसलेला पाहून लोकांनीं तें खरें मानलें. तक्रारी इतक्या आल्या कीं बीबीसीनें तो कार्यक्रम आपल्या दूरचित्रवाणीवर पुन्हां कधीं दाखविला नाहीं.

ह्या तऱ्हेस जगाचा बाजार मिळवून दिला तो १९९९ सालच्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' ह्या चित्रपटानें. मेरिलंड प्रांतांतील एका चेटकिणीची दंतकथा टिपण्यासाठीं तीन विद्यार्थी १९९४ च्या ऑक्टोबरांत रानांत गेले आणि नाहींसे झाले. वर्षभरानें त्यांच्या चित्रफिती सांपडल्या, अशी हूल उठविण्यात आली. पात्रांस नटांचींच नांवें दिलीं. तीं हरवल्याचीं पत्रकें वांटलीं. रानांतील एका पडक्या घराच्या तळघरांत, एक जण भिंतीकडे तोंड करून उभा आहे एवढें दिसून कॅमेरा खालीं पडतो, आणि चित्रपट संपतो. चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाहीं. किरकोळ खर्चाच्या ह्या चित्रपटानें सुमारें २५ कोटि डॉलर मिळविले. त्यानंतर ओरेन पेली ह्यांनीं सॅन दिएगो येथील आपल्या राहत्या घरांतच सुमारें १५,००० डॉलरांत 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' केला. तो प्रथम २००७ सालीं दाखविला गेला व २००९ सालीं सर्वत्र झळकला. रान गेलें, पडकें घर गेलें. नवराबायकोप्रमाणें राहणाऱ्या एका जोडप्याची निजण्याची खोली, आणि पायथ्याशीं तिकाटण्यावर उभा केलेला कॅमेरा. रात्रभर कांहीं घडत नाहीं. दार चार बोटें हालतें. प्रेक्षक त्या दाराकडे असा टक लावून पाहतो, कीं स्वतःच्या घरीं गेल्यावर त्याला स्वतःचें दार पाहवत नाहीं.

आतां उत्तरभागांविषयीं. ज्या चित्रपटांत सर्व माणसें मरतात त्याचा उत्तरभाग काढावा कसा, ही अडचण खरीच. तिच्यांतून वाट निघाली ती मोठी मासलेवाईक आहे. ब्लेअर विचचा दुसरा भाग २००० सालीं निघाला. त्यांत पहिला चित्रपट पाहून वेडावलेले प्रवासी त्याच रानांत येतात. २०१५ सालच्या 'हेल हाउस एलएलसी' ह्या चित्रपटांत एक मंडळी ओसाड हॉटेलांत पैसे घेऊन लोकांस भिवविण्याचा खेळ मांडते आणि जिवास मुकते. २०१८ सालच्या दुसऱ्या भागांत त्या प्रकरणाचा छडा लावण्यासाठीं दुसरी मंडळी तेथेंच शिरते. तिसरा भाग २०१९ चा, आणि पुढें आणखीहि निघाले. पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटीनें निराळा मार्ग धरला व दुसऱ्या-तिसऱ्या भागांत मागचा काळ उकरून काढला. परंतु तेथेंहि घरांतल्या एका कॅमेऱ्याचे पहाऱ्याचे अनेक कॅमेरे झाले. पहिल्या भागांतील माणसें अजाणतां घरांत जातात. दुसऱ्या भागांतील माणसें पहिला भाग पाहून जातात. घर झपाटलेलें असो वा नसो, त्याची चित्रफीत निघाली कीं तें झपाटतें, असा ह्या उत्तरभागांचा अनुभव आहे.

आपल्या मुलखाकडे वळतांना प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या लोकांचीं भुतें बहुतांशीं घरांत राहात नसत. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्यांत, वेताळ वेशीबाहेर, हडळ वाटेवर, चकवा रानांत. घराचा उंबरठा हा देवाचा. घरांत असलाच तर पुरलेल्या धनावर बसलेला समंध. झपाटलेलें घर ही कल्पना आपल्याकडे मुख्यतः इंग्रजी कादंबरीनें आणि मग बोलपटानें आणली. तिला ओसाड वाडे मात्र आपल्या इतिहासानेंच पुरविले. मराठवाड्यांत गांवोगांव पांढऱ्या मातीच्या गढ्या उभ्या होत्या. १९४९ सालीं हैदराबाद संस्थानांतील जहागिऱ्या रद्द झाल्या, पुढच्या वर्षीं कुळकायदा आला, मुलें शिकून शहरांत गेलीं, आणि बुरुजांवर निवडुंग उगवला. गढी ओस पडली ती सारा आणि कुळें ह्यांच्या हिशेबांत; लोक म्हणूं लागले, तेथें कांहीं तरी आहे. घर माणसास मारतें हें तर ह्या भागानें साक्षात् पाहिलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं गणपति बोळविलेले, माणसें दमून निजलेलीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माती अंगावर कोसळून हजारों माणसें मेलीं. त्या भिंतींस कोणत्याहि भुताची गरज नव्हती.

बोलपटांतील पहिलें नामांकित झपाटलेलें घर म्हणजे बॉम्बे टॉकीजचा, कमाल अमरोही ह्यांनीं दिग्दर्शित केलेला १९४९ चा 'महल'. त्यांत भूत अखेर खोटें निघतें. माळ्याची मुलगीच तें सोंग करीत असते. स्वतःच्या नांवानें जिला त्या हवेलींत कोणी विचारलें नसतें, ती मेलेल्या बाईचें नांव घेऊन मालकास वेडा करते. पुढें रामसे बंधूंनीं हवेल्यांचा नुसता कारखाना काढला. त्यांतील भुतांस तक्रार अशी फारशी नव्हती, दांत मात्र पुष्कळ होते. २०१८ च्या 'तुंबाड'मध्यें सासवडच्या पुरंदरे वाड्यानें काम केलें, आणि धनावरच्या समंधाची जुनी भीति पुन्हां घरांत आणली. २०१६ पासून झी मराठीवर चाललेल्या 'रात्रीस खेळ चाले' ह्या मालिकेचे तीन भाग झाले. कोंकणांतील नाइकांचा वाडा घरोघरीं पोंचला.

परंतु सांपडलेल्या चित्रफितीची तऱ्हा घेऊन झपाटलेल्या घरांत शिरणारा ठळक हिंदी चित्रपट म्हणजे १३ मे २०११ रोजीं निघालेला, पवन कृपलानी ह्यांचा 'रागिणी एमएमएस'. नांव बाजारू, जाहिरात त्याहून बाजारू. सभ्य घरांत त्याचा उल्लेखहि होत नसे, आणि आज मी तो करतों आहें त्याबद्दल क्षमा असावी. त्याच्या आदल्या वर्षीं दिबाकर बानर्जी ह्यांनीं हातांतला, दुकानांतला व छुपा अशा तीन प्रकारच्या कॅमेऱ्यांतून एक चित्रपट रचला होता, त्याचेंच हें भावंड. एक तरुण आपल्या मैत्रिणीस शहराबाहेरच्या एकाकी बंगल्यांत नेतो. घरांत आधींच छुपे कॅमेरे लावलेले आहेत. तिची चोरून काढलेली चित्रफीत देऊन त्याला चित्रपटाच्या धंद्यांत शिरकाव हवा आहे. तिला ह्याचा पत्ता नाहीं. परदेशी चित्रपटांत कॅमेरा हा सत्य टिपण्यासाठीं आणलेला असतो. येथें तो विश्वासघातासाठीं लावलेला आहे. एवढा एक फरक मला मोठा वाटतो.

दुसरा फरक त्याहून मोठा. त्या घरांत एका बाईचें भूत आहे, आणि तें भूत मराठी बोलतें. चित्रपट हिंदी, माणसें हिंदी बोलणारीं, आणि भिंतीआडून येणारा आवाज मराठी. ती सांगत असते, कीं मी चेटकीण नव्हें, माझीं मुलें मीं मारलीं नाहींत. लखनौच्या किंवा पाटण्याच्या प्रेक्षकास ती नुसती परक्या भाषेंतील पुटपुट. न कळणें हाच तिचा भेसूरपणा. मराठी प्रेक्षकास मात्र ती कळते, आणि कळल्यावर भीति ओसरून लाज वाटूं लागते. कारण ती फिर्याद आहे. कोणा एका गांवानें तिला चेटकीण ठरविलें, तिच्या बाजूनें साक्ष कोणी दिली नाहीं, आणि आतां ती कॅमेऱ्यांनीं भरलेल्या घरांत, जेथें प्रत्येक हालचालीची नोंद होते तेथें, आपली जबानी पुन्हां पुन्हां देत आहे. चित्रपटकर्त्यांच्या मनांत इतकें होतें कीं नाहीं, मी सांगूं शकत नाहीं. पडद्यावर तें आहे.

आणि ही फिर्याद काल्पनिक म्हणून सोडून देतां येत नाहीं. सातपुड्याच्या भागांत बायकांस डाकीण ठरवून मारहाण केल्याचीं, गांवाबाहेर घालविल्याचीं प्रकरणें आपल्या काळांत घडलेलीं आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनीं जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारनें वटहुकूम काढला, डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा केला. एखाद्या माणसास करणी करणारा किंवा सैतान ठरवून छळणें हा त्या कायद्यानें गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. त्या मराठी बाईचा आवाज पडद्यावर आला तेव्हां हा कायदा दोन वर्षें दूर होता.

मग उत्तरभाग आला, २१ मार्च २०१४ रोजीं. आतां कायदाहि झालेला होता. बाईचें म्हणणें ऐकून घेण्यास काळ अनुकूल होता. परंतु भूषण पटेल ह्यांच्या त्या दुसऱ्या भागांत काय घडतें? रागिणीच्या प्रकरणावर चित्रपट काढण्यासाठीं एक दिग्दर्शक आपला लवाजमा घेऊन त्याच घरांत येतो. अमेरिकन उत्तरभागांचीच वाट. हालत्या चित्राची तऱ्हा बहुतेक सोडून दिलेली, प्रकाश झगझगीत, नटी प्रसिद्ध. गल्ला भरला, आणि घरांतील बाईच्या जबानीपेक्षां नटीचाच बोलबाला झाला. २०१७ सालीं त्याच नांवाची मालिका इंटरनेटवर निघाली, २०१९ सालीं तिचाहि दुसरा भाग. नांव तेवढें राहिलें. मी ह्या चित्रपटांवर नीतीच्या दृष्टीनें टीका करीत नाहीं. ज्यानें पहिला साक्षीदार उभा केला त्यानेंच तो पुढें हांकलून दिला, एवढीच माझी तक्रार आहे.

ती फिर्याद पुढें चालविली ती मराठी चित्रपटानें, विशाल फुरिया ह्यांच्या २०१७ सालच्या 'लपाछपी'नें. त्यांत सांपडलेली चित्रफीत नाहीं. उंसाच्या फडांतलें एक घर, तेथें आश्रयास आलेली गरोदर स्त्री, आणि मुलगाच हवा ह्या हव्यासापायीं घडलेली हत्या. २०११ च्या जनगणनेंत आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर १,००० मुलांमागें मुली ८०७ होत्या. उंसांतलें तें घर कोठून आलें हें सांगण्यास भूगोलाची जरुरी नाहीं. त्याचा हिंदी अवतार 'छोरी' २०२१ सालीं आला व त्याचा उत्तरभाग २०२५ सालीं.

आतां माझ्या भाच्याच्या चित्रफितीकडे परत येतों, कारण तिचाहि उत्तरभाग निघाला. पहिली चित्रफीत पाहून पंधरा दिवसांत दुसऱ्या तालुक्यांतील पोरें त्या गढीवर गेलीं. त्यांनीं आपल्या चित्रफितीस चेटकिणीची गढी असें नांव दिलें, आणि आंतून आवाज येतांच दगड मारले. तें भाच्यानें मला दाखविलें तेव्हां त्याचा आवाज थोडा उतरला होता. दुसऱ्या दिवशीं उन्हें वर आल्यावर आम्ही दोघे तेथें गेलों. त्या गांवाचें नांव मी येथें घेत नाहीं. त्याचें कारण आपण ओळखलें असेल.

ढेलजेच्या आंतल्या बाजूस एक खोली अजून उभी होती, आणि तिच्यांत सत्तरीच्या घरांतील एक बाई राहात होती. गढीवाल्यांच्या घरांतील शेवटची सून. नवरा गेलेला, मुलगा हैदराबादेस. रात्रीं पोरांची चाहूल लागली तेव्हां तिनें "कोन हाय रे तिकडं?" एवढेंच विचारलें होतें. चित्रफितींत त्या शब्दांवर पोरांनीं कसलें तरी वाद्य घातलें होतें, म्हणून मला ते ऐकूं आले नव्हते. कपाळावर दगडाची खूण होती. तिनें आम्हांस चहा केला. भाचा मान खालीं घालून बसला, आणि आपली चित्रफीत आपण काढून टाकतों असें म्हणाला. ती त्यानें तेथेंच काढून टाकावयास घेतली. ज्यांनीं ती आधींच उतरवून घेतली होती त्यांच्यापाशीं ती अर्थात् राहिलीच.

"थांब," बाई म्हणाली, "मला दाव आदी."

तिनें तो मोबाइल हातभर लांब धरून पाहिला. स्वतःचा आवाज आला तरी तिच्या तोंडावर कांहीं उमटलें नाहीं. संपल्यावर तिनें पुन्हां लावावयास सांगितलें, आणि भिंतीवरून प्रकाश फिरतो त्या ठिकाणीं बोट टेंकवून म्हणाली, "लेकरा, ही मागली भिंत हाय न्हवं? हे पावसाच्या आदी काढलंस का मागून?"

मागून, असें भाच्यानें सांगितलें. गुडघ्यांमुळें तिला त्या बाजूस जाववत नसे. तिनें आम्हां दोघांस भिंत पाहून येण्यास पाठविलें. भिंतीला वरपासून खालपर्यंत, हात शिरेल एवढी भेग होती.